डावीकडून तिसरा ट्रम्पेटवाला

मर्ल बोवेनने पिशवीतून डबा काढला तेव्हाच रेग पटॉकने मनाशी ठरवलं, या बाईवर विश्वास ठेवायचा नाही.

डब्यात तव्यावर भाजलेले मनुकांचे छोटे केक होते. बाई कार्डिफहून सकाळच्या पहिल्या गाडीने आली होती. केक अजून मऊ होते आणि पबच्या माडीवर जमलेली मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. रेगने हात लावला नाही. सोळा वर्षांत इथे जे कोणी खायला घेऊन आलं, त्याला काही ना काही हवं होतं, असा त्याचा अनुभव होता.

“घे की रेग,” डोरोथी पील म्हणाली. “विष घातलेलं नाही. मी दोन खाल्ले.”

“अजून पंधरा मिनिटं तुझ्याकडे बघतो, मग घेतो.”

डोरोथी पियानो शिकवायची आणि रेगला इतकी वर्षं ओळखायची की तिला याचा राग आला नाही. तिने तिसरा उचलला.

लंडनच्या वॉल्थमस्टो भागातल्या या पबमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, जेवणाची गर्दी ओसरली की, सात-आठ म्हातारी माणसं जिना चढून वर येत. पडदे ओढत, प्रोजेक्टर लावत आणि जुने इंग्रजी सिनेमे बघत. गोष्टीत कुणालाच रस नसे. खून झाला, हार चोरीला गेला, नायिका रडली, तरी ही मंडळी बिअर पीत गप्पा मारत. नाइट क्लबचा प्रसंग आला की मात्र सगळे एकदम गप्प. मग एकजण म्हणे, “थांबव. ड्रमवर कोण आहे?”

तीस-चाळीसच्या दशकांत सिनेमात बँड लागला की स्टुडिओवाले जॅझ वाजवणाऱ्यांना एका दिवसासाठी बोलवत. काळा कोट चढवायचा, मंचावर बसायचं, संध्याकाळी घरी जायचं. श्रेयनामावलीत नटीच्या टोपीवाल्याचं नाव येई, पण यांचं कधी आलं नाही. ती नावं रेगने लिहायला घेतली होती. यादी तो स्वतः टंकलिखित करी आणि तिच्या प्रती सभासदांना टपालाने जात. सिनेमांना त्याने नंबर दिले होते. शंभराहून जास्त सिनेमे, पाचशेच्या वर नावं, आणि त्यातल्या बहुतेक नावांपुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह नसलेली नावं होती एक्केचाळीस.

रेगला स्वतःला शिट्टीसुद्धा नीट वाजवता येत नसे. एकतीस वर्षं तो गॅस कंपनीत मीटर तपासनीस होता. शिलिंगाचं नाणं टाकलं की गॅस सुटतो असल्या मीटरांचा तो काळ. लोक शिलिंगाच्या मापाच्या पत्र्याच्या चकत्या घासून टाकत, परदेशी नाणी टाकत. हॅकनीतला एक इसम थंडीत बर्फाच्या चकत्या करून टाकायचा. पेटी उघडली तर आत एक नाणं नाही, फक्त तळाला गंज. त्या इसमाचा चेहरा रेगच्या डोक्यात पक्का बसला. निवृत्तीनंतर एका दुपारी टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता. पडद्यावर काळ्या कोटात डबल बास वाजवत तोच बर्फवाला बसलेला. रेग खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेला. यादीतलं पहिलं नाव ते. प्रश्नचिन्हाशिवाय.

नियमही त्यानेच केला. चेहऱ्यावरून एक साक्ष, हातावरून दुसरी, आणि दोन्ही साक्षीदार एकमेकांना न भेटलेले. चेहरा कुणाचाही कुणासारखा दिसतो. वाजवणाऱ्याचा हात मात्र त्याच्याच नेमाने चालतो.

हा नियम त्याने एकदाच मोडला होता, एक्क्याऐंशी साली. चकचकीत बुटांचा एक गृहस्थ पत्र्याच्या पेटीत फोटो घेऊन आला, क्लॅरिनेटवाला आपला काका आहे म्हणाला, डोळ्यांतून पाणी काढलं. रेगने नाव लिहिलं. गृहस्थ रेडिओवर जाऊन काकांच्या आठवणी सांगून आला. महिन्याभराने मार्गेटहून एका ओळीचं पत्र आलं: ‘तो मी आहे, जिवंत आहे, आणि मला पुतण्या नाही.’ ते पत्र रेगने प्रोजेक्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलं होतं.

“तर,” रेग मर्लला म्हणाला, “कोणता सिनेमा?”

“नाव लक्षात नाही. मोत्यांच्या हाराचा. हवानातला क्लब दाखवलाय. मागच्या हिवाळ्यात दुपारी टीव्हीवर लागला होता.”

“एकशे चौदा,” दोघं-तिघं एकदम म्हणाले.

“त्यात पुढे बसलेला ट्रम्पेटवाला. डावीकडून दुसरा. तो माझा बाप आहे. कथबर्ट हेडली.”

मर्ल पन्नाशीची होती, शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण. तिने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. बाप बार्बाडोसचा, कार्डिफच्या गोदीत आला, तिथल्याच ऑलवेन नावाच्या मुलीशी लग्न केलं. मर्ल एक वर्षाची असताना वाजवायला लंडनला गेला. एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात त्याचं कार्ड आलं: एका सिनेमात आहे, पुढच्या रांगेत बसवलंय, मला शोध. पुढच्या वर्षी तो जहाजावर आचारी म्हणून गेला आणि जहाज बुडालं. ऑलवेनने वर्षभर गावातला एकही सिनेमा सोडला नाही. नवरा कुठेच दिसला नाही. प्रार्थनेला येणाऱ्या बायका म्हणू लागल्या, सिनेमा कसला, दुसरी बाई असेल.

“आई चौऱ्याहत्तरची आहे,” मर्ल म्हणाली. “अजून तेच ऐकून घेते. तुमच्या यादीत नाव आलं तर मी ती छापील यादी त्या बायकांच्या नाकासमोर धरीन. ज्या उरल्यात त्यांच्या.”

“फोटो आहे?”

होता. लग्नाचा. नवरदेवाच्या हॅटची सावली थेट हनुवटीपर्यंत.

“हा कोणीही असू शकतो,” रेग म्हणाला.

“कोणीही नाही. माझ्या आईच्या शेजारी उभा आहे.”

मंडळी हसली. रेग हसला नाही. त्याने विचारलं, “तुमच्याकडे व्हिडिओचं मशीन आहे?”

“शेजारणीकडे आहे. का?”

“सहज.” त्याने वहीत टिपून घेतलं.

रीळ लावलं. दोन मिनिटांचा प्रसंग. समोर गायिका, डोक्यावर हातभर उंच पिसांचा मुकुट. मागे सगळा वेस्ट इंडियन बँड. डावीकडून दुसरा ट्रम्पेटवाला देखणा होता, दात पांढरे, खांदे तालावर हलणारे. मर्ल त्याच्याकडे बघत बसली. रेग मर्लकडे बघत बसला. मीटरची पेटी उघडताना घरच्या माणसाची नजर कुठे जाते हे बघायची त्याची सवय होती. मर्लची नजर एकदाही हलली नाही. ढोंग चांगलं आहे, त्याने ठरवलं.

“काय वाटतं?” दिवे लागल्यावर मर्लने विचारलं.

“मी लगेच वाटून घेत नाही. कळवतो.”

ती जिना उतरून गेल्यावर डोरोथी म्हणाली, “बोटं बघितलीस? गाणं एक, बोटं भलतीच. हा वाजवतच नाहीये. भाड्याचा देखणा चेहरा आहे, बिचारी.”

“बिचारी की काय ते बघू.”

पुढच्या आठवड्यात रेग सिनेमाची व्हिडिओ टेप घेऊन इलफर्डच्या वृद्धाश्रमात गेला. सिड बॅमफर्ड तिथे असायचा. वय ब्याऐंशी, एकेकाळचा ट्रम्पेटवाला, दोन्ही कानांनी ठार बहिरा. बोटं वाचायला रेगला त्याच्याइतका भरवशाचा माणूस माहीत नव्हता, कारण त्याला आवाज फसवू शकत नसे. टीव्हीच्या खोलीत घोड्यांच्या शर्यती चालू होत्या. सिडने काठी आपटून तिघा म्हाताऱ्यांना हाकललं.

“आलास मीटरवाल्या? या वेळी कोण चोर?”

रेगने पाटीवर लिहिलं: ‘डावीकडून दुसरा. वाजवतोय का?’

सिडने अर्धा मिनिट बघितलं. “हा? हा मटार सोलतोय. याने जन्मात फुंकर मारलेली नाही.”

रेगला मनातून बरं वाटलं. घरी जाऊन बाईला दोन ओळींचं पत्र टाकायचं, की विषय संपला. तो टेप काढायला वाकला, तेवढ्यात सिडने काठी त्याच्या मनगटावर ठेवली.

“थांब. याच्या मागे कोण आहे?”

मागे पिसं होती. गायिका डोलली की पिसांमधून एक काळा कोपर, ट्रम्पेटचं तोंड आणि उजवा हात दिसे. चेहरा एकदाही नाही.

“हा वाजवतोय,” सिड म्हणाला. त्याची स्वतःची बोटं मांडीवर हलायला लागली होती. “पण तुमच्या टेपवरचं गाणं नसणार हे. भलतंच काहीतरी, स्वतःचं.”

रेगने लिहिलं: ‘असं कसं?’

“कसं म्हणजे? स्वस्तातले सिनेमे. आवाज नंतर दुसऱ्याच बँडचा घालायचे. दिग्दर्शक सांगायचा, काय वाट्टेल ते वाजवा, बोटं हलली म्हणजे झालं. आणि सकाळी आम्हाला पुढे बसवायचे. मग कॅमेरावाला बघायचा, म्हणायचा, याचं नाक चालत नाही, त्याला घाम फार येतो. एखादा देखणा बाप्या आणून पुढच्या खुर्चीत, आणि वाजवणारा मागे. माझं तीनदा झालंय.”

इतकी वर्षं रेगची मंडळी गाण्याशी बोटं ताडून बघत होती. जुळली नाहीत तर माणूस खोटा. पण खोटं गाणंही असू शकतं, ही शक्यता त्यांनी कधी धरलीच नव्हती. यादीतून खोडलेल्या नावांचा आकडा त्याच्या डोक्यात यायला लागला. तो त्याने बाजूला सारला.

‘जे दिसतं ते लिहून दे,’ त्याने पाटीवर लिहिलं.

ट्रम्पेटला तीन कळा असतात. कोणती बोटं कधी दाबली ते सिड आकड्यांत लिहू लागला. हात सलग एकोणीस सेकंद दिसत होता. त्याची नऊ आवर्तनं झाली. पाचव्या आवर्तनात सिडने दोन आडव्या रेघा मारल्या.

‘इथे दिसलं नाही?’ रेगने लिहिलं.

“दिसलं. इथे हातच नाही. खाली गेला, दोन मात्रांनी परत आला. का गेला ते मला काय ठाऊक? खाजवलं असेल.”

कागद पाकिटात घालून रेगने ते बंद केलं आणि झाकणावर सिडची सही घेतली.

“कोर्टात नेतोयस की काय?” सिड ओरडला.

कार्डिफला फोन लावायला रेगने दोन दिवस घेतले. फोनवर नजर दिसत नाही, त्यामुळे खोटं बोलणं सोपं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

“मिसेस बोवेन, तुमचे वडील घरी काय वाजवायचे?”

“मी एक वर्षाची होते.”

“आईला विचारा.”

“एक चाल आहे. त्यांनीच केलेली. आई गुणगुणते. जिन्याची चाल म्हणतो आम्ही. घरमालकीण खोलीत वाजवू द्यायची नाही, म्हणून ते जिन्यावर बसायचे, ट्रम्पेटच्या तोंडात मोजा कोंबून. पण तुम्हाला ते कशाला? सिनेमातलं गाणं तर वेगळंच आहे.”

“आईच्या आवाजात टेप करून पाठवा. माझ्याकडे नको. डोरोथी पील, पत्ता देतो.”

“तुमच्याकडे का नको?”

“मी ऐकलं नाही म्हणजे माझ्यावर शंका नको.”

“मिस्टर पटॉक, माझ्यावर खटला चालू आहे का?”

“खटला नाही. तपासणी.”

“आईला हसायला टेप मागत असाल तर सांगून ठेवते, मी पुढच्या वेळी केकमध्ये खरंच काहीतरी घालून आणीन.”

टेप आली. डोरोथीने ती तीनदा ऐकून स्वर कागदावर उतरवले आणि मगच रेगला घरी बोलावलं. पियानोवर तिचा कागद, शेजारी सिडचं पाकीट. रेगने झाकणावरची सही तपासून पाकीट फोडलं.

“म्हातारी कोणत्या पट्टीत गाते ते धरून चालणार नाही,” डोरोथी म्हणाली. “तिला सोयीची ती तिची पट्टी. मी एकेक पट्टी घेऊन त्याची बोटं काढते, तू सिडच्या आकड्यांशी ताड.”

पहिल्या चार पट्ट्यांत काहीच जमलं नाही. दुसऱ्या आवर्तनातच गाडी घसरे. रेग दर वेळी “नाही” म्हणे आणि त्याचा आवाज दर वेळी जरासा मोकळा होई. पाचव्या पट्टीत त्याने पहिल्या आवर्तनाला “हो” म्हटलं, दुसऱ्याला म्हटलं, तिसऱ्याला, चौथ्याला. मग थांबला.

“इथे सिडच्या रेघा आहेत. दोन मात्रा हात नाही.”

डोरोथीने त्याच्याकडे बघितलं, उठली आणि टेप लावली. ऑलवेनचा आवाज पातळ होता, पण सुरात होता. चार आवर्तनं गाऊन ती थांबली. “इथं तो हात पुसायचा,” टेपवर ती म्हणाली, जसं काही तोही चालीचाच भाग होता. “पँटला. घाम यायचा त्याच्या हाताला. पुसला, की पुढं.” आणि पुढे गायली.

उरलेली चार आवर्तनं जुळली.

रेग खिडकीशी जाऊन उभा राहिला. “शेजारणीकडे व्हिडिओचं मशीन आहे,” तो म्हणाला. “एखाद्या ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरायचं, बोटं वाचून घ्यायची, त्याची चाल बसवायची, म्हातारीला पढवायची. होऊ शकतं.”

“होऊ शकतं,” डोरोथी म्हणाली. “मग तिने ती डावीकडून दुसऱ्यावर बसवली असती. ज्याला ती बाप म्हणते त्याच्यावर. तिने ज्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही, त्याच्यावर कशाला बसवील? तूच तर बघत होतास तिच्याकडे. नजर हलली होती का तिची?”

रेगने आठवून बघितलं. हलली नव्हती. त्या दिवशी ढोंग म्हणून टिपून ठेवलेली गोष्ट आज साक्षीला उभी होती.

“म्हणजे त्या दिवशी दोघं चुकलो,” तो म्हणाला. “ती माणसाबद्दल. मी तिच्याबद्दल.”

“हे लिहून देतोस का? सही घेते मी.”

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मर्ल आली. डबा आणला नव्हता. रेगने तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

“डावीकडून दुसरा तुमचा बाप नाही,” तो म्हणाला. “तो वाजवणारा नाहीच.”

तिने पर्स काखेत घट्ट धरली. “हे सांगायला मला एवढ्या लांब बोलावलंत? पत्र टाकायला काय झालं होतं?”

“डावीकडून तिसरा आहे.”

“तिसरा कुणी नाहीच.”

“आहे. बघा.”

त्याने रीळ लावलं आणि आवाज पूर्ण बंद केला. गायिका तोंड उघडत-मिटत राहिली. रेगने पडद्याजवळ जाऊन काठीने जागा दाखवली. पिसं बाजूला झाली आणि हात दिसला. कळांवर बोटं चालली होती. मर्ल आधी नुसती बघत होती. मग तिच्या ओठांतून अगदी बारीक आवाजात चाल यायला लागली. पाचव्या आवर्तनात पडद्यावरचा हात खाली गेला, तशी तीही थांबली. हात वर आला.

दिवे लागले तेव्हा कुणी ग्लासही उचलला नाही.

“तोंड?” मर्लने विचारलं.

“दिसत नाही. कुठेच. मी एकेक चित्र थांबवून बघितलं.”

“तीस वर्षं... नाही, पन्नास वर्षं मी चेहरा शोधतेय. मागच्या हिवाळ्यात सापडला होता. तो तुम्ही काढून घेतलात आणि हातात काय दिलंत, तर तीन बोटं.”

“चार,” रेग म्हणाला. “करंगळी ट्रम्पेटवरच्या आकड्यात अडकवलेली आहे. नीट बघितलं तर दिसते.”

डोरोथीने कपाळावर हात मारून घेतला. मर्ल रेगकडे बघत राहिली. तिला राग आला असावा, आणि तो तिथेच कुठेतरी अडकला असावा, कारण ती एकदम हसली. तिला हसू आवरेना. मग तिने नाक पुसलं आणि खुर्ची ओढून पहिल्यांदाच खाली बसली.

“परत लावा,” ती म्हणाली. “करंगळी दाखवा.”

चार वेळा लावलं.

रेगने सोबत आणलेल्या टाइपरायटरला यादीचं पान चढवलं. तिच्यासमोरच टाइप केलं: ‘११४. डावीकडून तिसरा, चेहरा झाकलेला. कथबर्ट हेडली, ट्रम्पेट.’ सवयीने त्याचं बोट प्रश्नचिन्हाच्या कळीवर गेलं. त्याचा नियम चेहऱ्याची साक्ष मागत होता आणि इथे चेहराच नव्हता. मर्ल बोटाकडे बघत होती. या वेळी तिची नजर बरोबर तिथेच होती जिथे रेगची होती. त्याने बोट उचललं, पूर्णविराम दिला आणि ओळ बदलली. बेचाळीस.

पुढची ओळ टाइप केली: ‘डावीकडून दुसरा. वादक नाही.’ आणि इथे मात्र प्रश्नचिन्ह दिलं.

कार्बनची प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवताना मर्लने विचारलं, “मग तो देखणा कुणाचा बाप?”

“येईल कोणीतरी,” रेग म्हणाला. “केक घेऊन.”